साडेतीन हजारांचा दोन फुटी रिमोटचा टिप्पर घ्यावा का, आणि त्यात काय बदल करावेत?

तुमचा प्रश्न असा आहे: परभणीत अकरा वर्षांच्या भाच्यासाठी दोन फूट लांबीचा, सहा चाकांचा रिमोटवरचा टिप्पर साडेतीन हजारांत मिळतोय. खोक्यावर 'एकास बारा' (म्हणजे खऱ्या ट्रकच्या बाराव्या हिश्शाचं माप) लिहिलंय. तो शेतात चालेल का, हौद्यात माती भरून ओढेल का, आणि मोठी मोटर, मोठी बॅटरी टाकून त्याची ताकद वाढवता येईल का?

घ्यायला हरकत नाही, पण उलटा करून पोट बघितल्याशिवाय घेऊ नका. मोटर आणि बॅटरी मात्र सगळ्यात शेवटी बदला, कदाचित बदलायची वेळही येणार नाही. अशा ट्रकवर पहिला पैसा घालायचा तो स्टेअरिंगवर आणि चाकांवर. माझं जालन्यात मोटर रिवाइंडिंगचं काम आहे. पाणबुडी पंपाच्या मोटरींसोबत ओळखीपाळखीतली लेकरं असले ट्रकही घेऊन येतात, आणि जळालेल्या ट्रकांची गोष्ट बहुतेक वेळा एकच असते: कुणीतरी जास्त व्होल्टची बॅटरी जोडलेली असते.

दुकानात जाताना मोजपट्टी घेऊन जा. आपल्याकडच्या खऱ्या ट्रकची रुंदी अडीच मीटरच्या आसपास असते. एकास बारा म्हटलं तर खेळण्याची रुंदी साधारण 21 सेंटिमीटर भरायला हवी. ती 15-16 भरली तर ट्रक प्रत्यक्षात एकास सोळा मापाचा आहे, खोक्यावर काही का लिहिलेलं असेना. नुसती लांबी बघून फसायला होतं, कारण हौदा लांबवणं सोपं असतं. हे माप महत्त्वाचं, कारण पुढे टायर किंवा एक्सल मागवताना याच आकड्यावरून शोधावं लागतं. खोक्यावर आयएसआय मार्कही बघा. 1 जानेवारी 2021 पासून आपल्याकडे खेळण्यांना तो सक्तीचा आहे आणि विजेवर चालणाऱ्या खेळण्यांसाठी आयएस 15644 हे मानक लागू आहे. मार्क नसलेल्या खेळण्याचा चार्जर आणि बॅटरी यांवर मी तरी भरवसा ठेवणार नाही.

मग बॅटरी घालून रिमोट हातात घ्या. स्टेअरिंगचं चाक अगदी थोडंसं फिरवा. पुढची चाकंही तेवढीच वळली तर सोनं. ती खाडकन शेवटपर्यंत वळून सोडल्यावर स्प्रिंगनं परत सरळ होत असतील, तर आत साधी छोटी मोटर आहे आणि तिला 'पूर्ण डावं, पूर्ण उजवं' एवढंच कळतं. वेगाचंही तसंच तपासा. हळू दाबल्यावर ट्रक हळू चालतो का, की बटण दाबताच उडी मारतो? साडेतीन हजारांत बहुधा खाडकन वळणाराच मिळेल. त्यानं खरेदी बाद होत नाही, फक्त पुढचा खर्च कुठे करायचा ते ठरतं.

आता ट्रक उलटा करा. सहा चाकांपैकी मोटर किती चाकांना फिरवते ते बघा. स्वस्त टिप्परांत बहुतेक वेळा मागच्या दोन एक्सलपैकी एकालाच ताकद जाते, दुसरा नुसता घरंगळत येतो. ताकद मिळणाऱ्या एक्सलचं एक चाक हातानं फिरवा. समोरचं चाक उलट दिशेला फिरलं तर आत डिफरन्शियल (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारे गिअर) आहे, त्याच दिशेला फिरलं तर एक्सल सलग आहे. घरातल्या फरशीवर डिफरन्शियल छान, पण रानात ज्या चाकाखाली माती भुसभुशीत असते तेच चाक गरगरतं आणि ट्रक जागेवर राहतो. शेतासाठी सलग एक्सलवाला घ्या. शेवटी एक चाक काढून दाखवायला सांगा. आत 12 मिलिमीटरचा षटकोनी हब असेल तर हौशी लोकांच्या चांगल्या ट्रकांचे टायर त्यावर थेट बसतात, आणि मग हा ट्रक सुधारण्याजोगा आहे. चाक प्लास्टिकच्या खुंटीवर एका इस्क्रूनं अडकवलेलं असेल तर त्यावर जास्त खर्च करू नका.

दुकानदाराला हे सगळं तपासू द्यायचं नसेल तर दुसरं दुकान बघा.

घरी आणल्यावर पहिलं काम फुकटात होतं. खरा ट्रक असो की खेळण्यातला, ओढण्याची ताकद चाक आणि जमीन यांच्या पकडीतून येते, आणि पकड ताकदीच्या चाकांवर किती वजन आहे यावर ठरते. समजा ट्रक दोन किलोचा आहे आणि त्यातलं एक किलो त्या चाकांवर पडतंय. मोकळ्या मातीत घर्षण त्या वजनाच्या निम्मं धरलं, तर तो अर्धा किलोच्या जोरानंच ओढू शकतो. मोटर दुप्पट मोठी बसवलीत तरी तेवढाच, फक्त चाकं जास्त जोरात गरगरतील. सहा चाकांच्या ट्रकात आणखी एक अडचण असते. ढेकळावर चढताना मागचा निकामी, म्हणजे ताकद न मिळणारा एक्सल वजन स्वतःवर घेतो आणि ताकदीची चाकं हवेत लटकतात. त्या निकामी एक्सलचे पाटे ढिले करा, नाहीतर त्याच्या खिळीचं भोक उभ्या दिशेनं तीन-चार मिलिमीटर लांबट करा. तो तरंगता राहिला की वजन जिथे हवं तिथे येतं. एवढ्या एका कामानं अडकणारा ट्रक चालायला लागलेला मी पाहिलाय.

त्यानंतर वजन वाढवा. फॅब्रिकेशनवाल्याकडून 25 बाय 5 मिलिमीटरच्या लोखंडी पट्टीचे तुकडे आणा. दहा सेंटिमीटरचा तुकडा साधारण 100 ग्रॅम भरतो. असे पाच-सहा तुकडे ताकदीच्या एक्सलच्या अगदी वर, चेसिसला, जितकं खाली जमेल तितकं खाली बांधा. हौद्यात वजन टाकलं तर ट्रक वळणावर आडवा होतो. टायरवाल्याकडची शिशाची वजनं अनेक जण सुचवतील, पण शिसं विषारी आहे आणि लेकरू याच हातांनी भाकरी खाणार, म्हणून लोखंडच बरं.

चाकं बहुतेक कडक, पोकळ प्लास्टिकची निघतील. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या रुंद चकत्या कापून चाकांवर ताणून चढवा, फरशीवर आणि मुरमावर लगेच फरक दिसेल. पुढे जमेल तेव्हा 12 मिलिमीटर हबचे मऊ रबरी टायर घ्या, आत फोम असलेले.

आता खऱ्या खर्चाकडे येऊ. ट्रकात सर्किटची एकच हिरवी पट्टी असते, तीच रिमोटचा संदेश घेते, तीच मोटर चालवते, तीच स्टेअरिंग फिरवते. ती काढून तीन वेगळ्या वस्तू बसवायच्या: हौशी वापराचा 2.4 गिगाहर्ट्झचा रिमोट रिसीव्हरसह, मोटरीसाठी स्पीड कंट्रोलर, आणि स्टेअरिंगसाठी सर्व्हो, म्हणजे सांगितलेल्या कोनात वळून तिथेच थांबणारी मोटर. 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा कमी ताकदीच्या उपकरणांना आपल्याकडे परवान्याशिवाय खुला आहे, आणि या रिमोटांची रिसीव्हरशी जोडी जुळवलेली असते. त्यामुळे शेजारच्या पोराचा ट्रक तुमच्या रिमोटवर पळत नाही.

सर्व्हो ही भारी वस्तू आहे. रिसीव्हर त्याला सेकंदाला साधारण पन्नास वेळा विजेचा एक छोटा ठोका पाठवतो. ठोका दीड मिलिसेकंदाचा असेल तर सर्व्हो मधोमध राहतो, एक मिलिसेकंदाचा असेल तर एका टोकाला, दोनचा असेल तर दुसऱ्या टोकाला जातो, आणि मधल्या प्रत्येक लांबीला मधली जागा धरतो. नुसता जातो एवढंच नाही, खड्ड्यानं चाक ढकललं तरी जोर लावून तिथेच टिकून राहतो. लेकराला खरा ट्रक चालवल्यासारखं वाटतं ते यामुळे. दोन फुटी ट्रकाला नऊ ग्रॅमचा निळा सर्व्हो पुरणार नाही, एमजी 996 आर सारखा धातूच्या गिअरचा मोठा सर्व्हो घ्या. तो बसवायला चेसिसमध्ये 40 बाय 20 मिलिमीटरची खिडकी कापावी लागते आणि सायकलच्या स्पोकमधून स्टेअरिंगची काडी वाकवून करता येते. अगदी बेतानं, सावकाश करा. चाकं दोन्ही बाजूंना पूर्ण वळल्यावर सर्व्हो कुठेही अडून कण्हत नाही ना, एवढं पाहा. अडला तर तो सतत करंट खेचतो आणि तापून जळतो.

स्पीड कंट्रोलर घेताना मोटरीला वायरी किती आहेत ते मोजा. दोन असतील तर ब्रशची मोटर, तिला ब्रशवालाच कंट्रोलर लागतो. खेळण्यात जवळजवळ नेहमी तीच असते. बॅटरी ठरावीक व्होल्टच्या खाली गेली की बंद करणारी सोय कंट्रोलरमध्ये असावी आणि लिथियमसाठी ती चालू ठेवावी. लिथियमचा एक सेल तीन व्होल्टच्या खाली उतरला की तो खराब व्हायला लागतो. बॅटरीच्या लाल वायरीत मोटारसायकलचा 15 अँपिअरचा पट्टी फ्यूज घाला, कुठल्याही ऑटो इलेक्ट्रिशियनकडे मिळतो. हे सामान परभणीत मिळालं नाही तर छत्रपती संभाजीनगरला इंजिनिअरिंगच्या पोरांना प्रोजेक्टचं सामान विकणाऱ्या दुकानांत विचारा, नाहीतर ऑनलाइन मागवा.

आता मोठ्या बॅटरीबद्दल. दोन सेलच्या जागी तीन सेल लावले की 7.4 व्होल्टचे 11.1 होतात, म्हणजे दीडपट. ब्रशच्या मोटरीचा वेग दीडपट होतो हे खरं. पण ट्रक ढेकळात अडकून मोटर थांबते तेव्हा करंटही दीडपट होतो आणि वायंडिंगमधली उष्णता करंटच्या वर्गानं वाढते, म्हणजे सव्वादोन पट. त्या लहानशा मोटरीवरच्या पातळ तारेचं इनॅमल ते सोसत नाही. मोटर टिकलीच तर प्लास्टिकच्या गिअरचे दात जातात, धातूचे गिअर टाकलेत तर एक्सल पिळला जातो. फवारणी पंपाची 12 व्होल्टची बॅटरी घरात असतेच, म्हणून ती लावायचा मोह अनेकांना होतो. ती दोन किलोंहून जड असते, म्हणजे ट्रकाएवढंच ओझं, आणि व्होल्टही नको तेवढे. कृपा करून लावू नका. ओढ वाढवायची असेल तर मोटरीच्या टोकावरचं छोटं गिअर कमी दातांचं घाला. बाराऐवजी दहा दात केले की चाकावरचा जोर 1.2 पट होतो, वेग तेवढ्या प्रमाणात कमी होतो, आणि मोटर उलट थंड राहते. माती वाहणाऱ्या टिप्परला वेग तसाही कशाला हवा?

रानात चालवण्याबद्दल दोन-तीन गोष्टी. आपली काळी माती ओली झाली की फुगते आणि चाकाला चिकटून गोळा होते, मग कुठलाही टायर चालत नाही. पावसाळ्यात अंगण किंवा मुरमाचा रस्ता बरा. ज्वारी काढलेल्या रानात धसकटं पोटात घुसून वायरी ओढतात, म्हणून खालून प्लास्टिकच्या पाटीचा तुकडा लावा. सुतळीचे आणि केसांचे धागे एक्सलला गुंडाळले जातात, ते दर वेळी काढायची सवय भाच्याला लावा. बंद गिअरबॉक्समध्ये पांढरं ग्रीस घाला, उघड्या गिअरला मात्र काहीच लावू नका. धूळ आणि ग्रीस मिळून पॉलिश पेपरसारखं दात झिजवतात.

आणि चार्जिंग. लिथियमचे बहुतेक सेल 45 अंशांच्या वर चार्ज करायचे नसतात. मे महिन्यात आपल्याकडे पारा 42-43 वर जातो आणि पत्र्याच्या खोलीत त्याहून जास्त होतं. ट्रक चालवून आणल्यावर बॅटरी काढून सावलीत पूर्ण थंड होऊ द्या, मग सकाळी किंवा रात्री जेवणाच्या वेळी, कुणीतरी जवळ असताना चार्जिंगला लावा. फुगलेली बॅटरी परत वापरू नका. जुन्या लॅपटॉपचे सेल काढून पॅक बनवून देणारे भेटतील, लेकराच्या खेळण्यात ते नकोत.

दिवे बसवायचे असतील तर भाच्याच्या हातून बसवून घ्या, त्यातून तो सोल्डरिंगचा डाग द्यायलाही शिकेल. 7.4 व्होल्टवर प्रत्येक लाल किंवा पिवळ्या एलईडीला 560 ओहमचा रेझिस्टर पुरतो. फाळक्यावरचं नाव आणि पट्टे गावातल्या रेडियमवाल्याकडून कापून घ्या, तो आवडीनं करून देतो.

दुकानातला ट्रक खाडकन वळणारा, डिफरन्शियलवाला आणि 12 मिलिमीटरचा हब नसलेला, असा तिन्ही बाजूंनी निघाला तर तो सोडून द्या. त्याऐवजी डब्ल्यूपीएल या चिनी कंपनीचा एकास सोळा मापाचा लष्करी ट्रक ऑनलाइन बघा. आकारानं लहान आहे, पण स्टेअरिंग हळूहळू वळतं, खरे पाटे आहेत, आणि प्रत्येक सुटा भाग मिळतो. दोन फुटांच्या हट्टापायी भाच्याला न दुरुस्त होणारं खेळणं देण्यापेक्षा मी तोच घेईन.