तिथे मला रडूच आलं नाही

“मॅडम, माझ्यात काही कमी आहे का?” हा प्रश्न गेल्या काही वर्षांत मी बऱ्याच जणांच्या तोंडून ऐकला. मुलं जर्मनीत, नेदरलँड्समध्ये स्थिरावली, आईवडील उन्हाळ्यात दोन-तीन महिने तिकडे राहू लागले आणि युरोप बघताना पोलंडमधल्या ऑश्विट्झलाही, म्हणजे नाझींनी ज्यूंना मारलं त्या छावणीच्या संग्रहालयालाही, जाऊन येऊ लागले. परत आल्यावर नातेवाइकांना फोटो दाखवतात. मी समुपदेशक, माझ्याकडे येऊन मात्र सांगतात, तिथे काहीच वाटलं नाही. कुणाला भूक लागली होती, कुणी बस सुटेल म्हणून सारखं घड्याळ बघत होतं. आता त्याची लाज झोपू देत नाही.

त्यांच्यापैकी एका बाईंबद्दल सांगते. त्यांची परवानगी आहे, ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

बाई म्हणजे शाळेतल्या बाई. आयुष्यभर इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या. लेकीकडे गेल्या असताना दोघींनी क्राकोवहून एका दिवसाची सहल घेतली. पहाटे बस, साधारण ७० किलोमीटरचा प्रवास. मग कानाला हेडफोन लावून गाइडच्या मागे साडेतीन तास. आधी विटांच्या इमारतींची जुनी छावणी, नंतर ३ किलोमीटरवरचं बिर्केनाऊ, म्हणजे त्याच छावणीचा दुसरा भाग. तिथून त्याच बसने थेट व्हिएलिच्काची मिठाची खाण बघायला! एकाच तिकिटात दोन्ही.

“लेक रडली. एक अनोळखी गृहस्थ भिंतीला टेकून रडत होते,” बाई सांगत होत्या. “काचेपलीकडे मेलेल्या माणसांच्या बुटांचा ढीग. लाखाच्या वर बूट आहेत म्हणे. आणि मॅडम, मला माझा बूट चावत होता. मी तोच विचार करत होते. इतकी वर्षं हा विषय शिकवला मी. दगड झालेय का?”

पहिल्या दिवशी मी त्यांची समजूत घातली नाही. “असं होतं हो बऱ्याच जणांना” असं म्हटलं की माणूस मान डोलावतो आणि तीच लाज घेऊन घरी जातो. त्याऐवजी मी त्यांच्यासमोर कागद सरकवला आणि त्यावर एकच वाक्य लिहायला सांगितलं: ऑश्विट्झला गेलेल्या माणसाला रडू यायलाच हवं. मग लाल पेन दिलं.

“बाई, यातली चूक काढा.”

त्यांनी दोनदा वाचलं. “शुद्धलेखन तर बरोबर आहे.” मी गप्प राहिले. बऱ्याच वेळाने त्यांनी ‘यायलाच’मधल्या ‘च’भोवती गोल केला.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारावर माझं सगळं काम उभं आहे. प्रसंग आपल्याला जितका छळतो त्याहून जास्त छळतो तो त्या प्रसंगाबद्दल आपण स्वतःला घातलेला दंडक. मराठीत हा दंडक एका अक्षरात मावतो, आणि त्या अक्षराच्या मागावर मी बावीस वर्षं आहे. बाईंना तो शोधून द्यावा लागला नाही, याचा मला आजही आनंद वाटतो.

पण ‘च’ सापडला म्हणजे काम संपलं असं नसतं. पुढच्या भेटीत मी विचारलं, “काय वाटलं ते राहू द्या. काय दिसलं?”

त्या लगेच म्हणाल्या, “भांडी.”

इनॅमलची भांडी. निळी, पांढरी, लाल, टवके उडालेली. पातेली, किटल्या, डबे. संग्रहालयात अशी सुमारे १२ हजार भांडी आहेत. बाई पंधरा मिनिटं त्यांच्याबद्दल बोलत होत्या. एका पातेल्याची कड कशी दबली होती, हेसुद्धा त्यांना आठवत होतं. आणि हीच बाई मला सांगत होती की तिथे आपलं मन बंद पडलं होतं!

“भांडी का लक्षात राहिली?”

त्या थांबल्या. मग अगदी हळू म्हणाल्या, “मॅडम, चार दिवस गावाला जाताना मी कढई नेते का? कढई नेतो आपण बिऱ्हाड मांडायला.”

नंतर कितीतरी वेळ आम्ही दोघी काही बोललो नाही. ज्यूंना सांगितलं गेलं होतं की तुम्हाला दुसरीकडे वसवायला नेत आहोत, तिथे काम मिळेल. म्हणून त्यांनी भांडी बांधून घेतली. फलाटावर उतरताच सामान तिथेच टाकायला लावलं. बहुतेकांना त्यानंतर काही तासांतच विषारी वायूने मारलं. ते सामान ज्या कोठारांत निवडलं जायचं, त्यांना कैदी ‘कॅनडा’ म्हणत. त्यांच्या लेखी कॅनडा म्हणजे सुबत्तेचा देश.

मग बाई जे बोलल्या, त्यासाठीच त्या माझ्याकडे आल्या होत्या असं मला वाटतं. “एका मार्काची रिकामी जागा असायची. ‘टिंब टिंब लाख ज्यूंची हत्या झाली.’ मुलाने साठ लिहिलं की मी बरोबरची खूण करायची आणि पुढचा पेपर घ्यायची. इतकी वर्षं.”

हे सांगतानाही त्यांना रडू आलं नाही. आवाज मात्र बदलला होता. लाज ओसरली होती आणि तिच्या जागी खंत आली होती. या दोहोंतला फरक मी फार मोठा मानते. लाज माणसाला स्वतःकडे बघत ठेवते: मी कशी, मला का नाही, लोक काय म्हणतील. त्या साडेतीन तासांत बाई स्वतःवरच पहारा देत होत्या, डोळ्यांत पाणी आलं का हे तपासत होत्या. खंत बाहेर बघते. तिच्यातून काही करता येतं.

तुमच्यापैकी कुणी जाणार असाल, तर थोडं ऐका. एकट्या ऑश्विट्झमध्ये सुमारे ११ लाख माणसं मारली गेली, त्यातले जवळपास १० लाख ज्यू. बाकीच्यांत पोलिश होते, रोमा (ज्यांना जिप्सी म्हटलं जायचं ते) होते, सोव्हिएत युद्धकैदी होते. हे एका सकाळी काळजात उतरवणं कुणालाच जमत नाही, तेव्हा ती अपेक्षा क्राकोवलाच ठेवून जा. आकडा मनात धरून चालू नका. एक वस्तू निवडा, एखाद्या सुटकेसवरचं नाव निवडा आणि तिथे जरा थांबा. गाइडने पुढे बोलावलं तरी अर्धा मिनिट मिळतो. केसांच्या दालनात फोटो काढायला मनाई आहे, पण बाकी ठिकाणीही फोन खिशात राहू द्या. पोटभर नाश्ता करून जा, सवयीचे बूट घाला. दुखणाऱ्या पायाने त्या मृतांचा अपमान होत नाही.

मिठाच्या खाणीची जोडसहल मात्र घेऊ नका. खाण सुंदर आहे, ती दुसऱ्या दिवशी बघा. संध्याकाळ मोकळी हवी, बरोबरच्या माणसाशी बोलायला किंवा न बोलायला. लहान मुलांना न्यायचा हट्ट नको. १४ वर्षांखालच्यांना आणू नये, असं संग्रहालयच सुचवतं. आणि परतल्यावर तीन-चार आठवड्यांनंतरही तीच दृश्यं झोपेतून उठवत असतील, जेवण जात नसेल, तर कुणाची तरी मदत घ्या. त्यावेळी न रडलेल्या माणसालाही हा त्रास होऊ शकतो.

शेवटच्या भेटीत मी बाईंना रडू आलं का विचारलं नाही, त्यांनीही तो विषय काढला नाही. शेजारचा नववीतला मुलगा इतिहास समजून घ्यायला आला होता, त्याबद्दल त्या सांगत होत्या. पुस्तक बाजूला ठेवून त्यांनी त्याला भांड्यांचं सांगितलं.

“त्याने विचारलं, आजी, त्यांना संशय आला नसेल का? म्हटलं, काहींना आलाही असेल रे. पण येऊ नये म्हणूनच तर सामान घ्या म्हणाले होते.”

“मग?”

“मग बराच वेळ गप्प बसला. आणि विचारतो, झाकणं पण होती का?”

“होती?”

“होती ना,” बाई म्हणाल्या. “झाकणंही होती.”