घोडी बुजण्याआधीचे अर्धे मिनिट

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझे सविस्तर पत्र मिळाले. गुरे, शेळ्यामेंढ्या आणि कोंबड्या असलेल्या त्या शेतावर स्वयंसेवक म्हणून काम करताना पहिल्या तीन आठवड्यांत घोडीवर तुझी जी फजिती झाली, ती वाचून मी मनापासून हसलो. राजहंसांना बिचकून गर्रकन वळलेली घोडी आणि गवताच्या ढिगात बसलेली तू, किंवा खोगिरासह हळूहळू कलत घोडीच्या पोटापर्यंत पोहोचलेली तू आणि तेवढ्यात तुझ्या बुटाची नाडी चघळायला आलेली शेळी, ही दोन चित्रे अजून डोळ्यांपुढून हलत नाहीत. तुला कुठे इजा झाली नाही, म्हणूनच हे हसणे शक्य झाले. मात्र पत्राच्या शेवटी 'घोडी लहरी आहे आणि माझे नशीब वाईट' असे जे तू लिहिले आहेस, ते मला मुळीच पटलेले नाही, आणि आजचे पत्र त्या एका वाक्यासाठी आहे.

तुझ्या प्रत्येक हकिकतीत घटना आहे, पण तिच्या आधीचे अर्धे मिनिट नाही. घोडी काय सांगत होती, ते त्या अर्ध्या मिनिटात असते.

राजहंसांचाच प्रसंग घे. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे त्याला सुमारे ३५० अंशांचा परिसर दिसतो, पण कपाळाच्या अगदी पुढे, नाकाखाली आणि शेपटीच्या बरोबर मागे त्याची नजर पोहोचत नाही. राजहंस नेमके मागून, माना ताणून, फुत्कारत आले. तुला त्यांची चाहूल लागण्यापूर्वीच घोडीचा एक कान मागे वळला असणार, तिची पाठ तुझ्या मांडीखाली ताठ झाली असणार आणि तिने मान वळवून पाहण्याची धडपड केली असणार. नेमके त्याच वेळी तू लगाम आवळून धरलास, असे तूच लिहिले आहेस. आवाज येतो आहे, तो कोणाचा हे दिसत नाही आणि मानही वळवता येत नाही, अशा अवस्थेत, आधी पळावे आणि मग पाहावे या स्वभावावर ज्याची जात टिकली, त्या प्राण्याने दुसरे काय करावे? पुढच्या वेळी असे काही मागून आले तर लगाम थोडा सैल सोड, तिला शांतपणे आवाजाच्या दिशेला तोंड करून उभी कर आणि स्वतः श्वास पूर्ण सोड. जे दिसते त्याची भीती तिला बरीच कमी वाटते.

खोगीर फिरल्याबद्दल फार लिहीत नाही. तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, आवळताना बऱ्याच घोड्या अंग ताठ करतात किंवा पोट फुगवतात आणि चार पावले चालल्यावर तोच तंग सैल पडतो. म्हणून तो एकदा बांधल्यावर घोडीला थोडे चालवून आणावे, पुन्हा तपासावा आणि मगच रिकिबीत पाय घालावा. हे न करण्याला कोणतेही कारण चालत नाही.

कोकराची गोष्ट मात्र मला फार आवडली. कुंपणाजवळचे नवे कोकरू पाहायला तू किंचित पुढे वाकलीस, घोडीने दुडकी धरली आणि तुला घेऊन ती थेट मेंढ्यांच्या कळपात शिरली. 'मी काहीच केले नव्हते,' असे तू लिहितेस. केले होतेस. विसाव्या शतकाच्या आरंभी बर्लिनमध्ये हान्स नावाचा एक घोडा गणिताची उत्तरे खुराने ठोके देऊन सांगतो, म्हणून फार गाजला होता. ऑस्कर फुंग्स्ट या मानसशास्त्राच्या अभ्यासकाने १९०७ मध्ये दाखवून दिले, की घोडा गणित करत नव्हता, तो माणसाचे अंग वाचत होता. प्रश्न विचारणारा खुराकडे पाहायला नकळत पुढे झुके तेव्हा ठोके सुरू होत आणि अपेक्षित आकडा आला, की त्याचे डोके अगदी किंचित वर होई, तेव्हा ते थांबत. समोर उभ्या असलेल्या माणसाची एवढीशी हालचाल ज्याला कळते, त्याच्या पाठीवर बसून तू वाकलीस. तुझ्या घोडीने हुकूम ऐकला आणि पाळला. तिला शाबासकी द्यायला हवी होती, असे मला आजही वाटते.

आता ज्या प्रसंगावर तू सर्वात कमी लिहिले आहेस, त्याबद्दल. कोंबड्यांच्या खुराड्यापाशी घोडीने एकदम मान खाली घातली, तू मानेवरून घसरत पुढे आलीस आणि तुझ्यासमोर तिने खाद्याच्या बादलीत तोंड घातले. मग सर्वांनी टाळ्या वाजवल्या. आपल्या भाषेत अडचण दाखवायला 'इथेच घोडे पेंड खाते' म्हणतात आणि तुझ्या तीन आठवड्यांतली खरी अडचण इथे आहे. कोंबड्यांना रक्ती हगवण होऊ नये, म्हणून त्यांच्या खाद्यात अनेकदा मोनेन्सिनसारखे औषध मिसळलेले असते, आणि गुरांच्या काही खुराकांतही ते असते. कोंबडीला किंवा गाईला मानवणारी त्याची मात्रा घोड्याच्या हृदयाच्या स्नायूला कायमची इजा करू शकते, त्याचा जीवही घेऊ शकते, आणि त्यावर उतारा नाही. शिवाय घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे पोटात गेलेले बाहेर काढण्याचा तो मार्गही बंद असतो. त्या दिवशीच्या पोत्यावर काय लिहिले होते, ते उद्याच्या उद्या वाच आणि तिथल्या जाणत्या माणसाला घडलेला प्रकार सांग. घोडी चंदी, म्हणजे तिचा दाणा, सोडते आहे का, घाम फुटतो आहे का, मागचे पाय अडखळतात का, हे बघ. यांपैकी काहीही दिसले, तर तिला चालवू नकोस आणि पशुवैद्याला लगेच बोलावून घे. याच्या उलट, घोड्याच्या खुराकात घातलेले तांबे मेंढीला बाधते. म्हणून एकाची बादली दुसऱ्यापुढे कधीही ठेवू नये. शेतावर सर्व प्राणी एका अंगणात नांदत असले, तरी त्यांची पोटे एक नसतात.

गाईंना फाटकातून आत घालताना त्या तीन वेळा उलट फिरल्या, यातही घोडीचा दोष नाही. गाईच्या खांद्यापाशी एक अदृश्य रेषा आहे असे समज. त्या रेषेच्या मागून तू जवळ गेलीस तर गाय पुढे चालते, आणि पुढून गेलीस तर ती मागे फिरते. पशुविज्ञानाच्या अमेरिकन अभ्यासक टेंपल ग्रँडिन यांनी ही गोष्ट फार सोप्या आकृत्यांनी समजावली आहे. तू घाईत प्रत्येक वेळी गाईंच्या डोक्याच्या पुढे गेलीस आणि घोडीने बिचारीने तुला जिथे हवे तिथे नेले.

मी शिकत होतो, तेव्हा रोज संध्याकाळी वहीत एकच नोंद करत असे: आज काही बिघडले का, आणि त्याच्या आधी कान, शेपूट, पाठ आणि माझे हात कुठे होते. सुरुवातीची कित्येक पाने 'आठवत नाही' एवढ्याच शब्दांनी भरली. नंतर आठवू लागले आणि त्यानंतर ते घडत असतानाच दिसू लागले. तुलाही हेच करायला सांगतो आहे. पडल्यावर हसायलाही हरकत नाही, पण उठून आधी घोडीच्या पायांवरून हात फिरव, लगाम कुठे अडकला नाही ना ते बघ, मग सर्वांबरोबर हस. लगामाची वादी मनगटाला गुंडाळायची सवय मात्र आजच सोड. घोडी उधळली, तर ती तुला फरफटत नेईल.

पुढच्या आठवड्यात डुकरांच्या कोंडवाड्यावरून जायचे आहे, असे लिहिले आहेस. अनेक घोड्यांना डुकरांचा वास आणि आवाज मुळीच सोसत नाही. पहिल्या दिवशी स्वार होऊ नकोस. शिरस्त्राण घालून, लांब दोरीने तिला पायी ने. ती थांबेल तिथे तूही थांब. तिने मान खाली सोडली, ओठ चाटले, की तिथूनच तिला परत आण. दुसऱ्या दिवशी तीन पावले पुढे जा. कुंपणाच्या कितव्या खांबापाशी तिचे कान पहिल्यांदा टवकारले, तेवढे मला पुढच्या पत्रात कळव.

तुझा शुभचिंतक