दोनशेव्या धुण्यानंतरचा चिमटा

प्रिय मित्रा,
सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र परवा मिळाले. तू आखत असलेल्या रेक्सिसच्या चिमट्याची, म्हणजे मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत डोळ्यातल्या लेन्सच्या पापुद्र्यात गोल दार फाडणाऱ्या चिमट्याची, स्प्रिंग किती कडक ठेवावी यावर दोन सर्जननी तुला दोन टोकांची उत्तरे दिली आणि तू महिनाभर तिथेच अडकून पडला आहेस. ते दोघेही खरेच सांगत आहेत, कारण दोघांचे हात वेगळे आहेत. मात्र दोघेही नव्या चिमट्याबद्दल बोलत आहेत, आणि नवा चिमटा हा तुझा विषयच नाही. दोनशे वेळा धुतलेला, दोनशे वेळा १३४ अंशांच्या वाफेतून निघालेला चिमटा डोळ्यात गेल्यावर कसा वागतो, एवढाच तुझा विषय आहे.

बुबुळापलीकडच्या लेन्सचे पुढचे कॅप्सुल, म्हणजे तिच्यावरचा पापुद्रा, साधारण १४ मायक्रॉन जाड असते आणि मागचे मध्यभागी जेमतेम ४. त्या पुढच्या पापुद्र्यात पाच-साडेपाच मिलिमीटरचे गोल दार उघडायचे, तेही न कापता, सलग फाडत नेऊन, म्हणजे नंतर बसवायच्या सहा मिलिमीटरच्या कृत्रिम लेन्सची कड सगळीकडून झाकली जाते. सर्जन मायक्रोस्कोपमधून पाहतो ते फक्त टोक. बाकी सगळे त्याच्या बोटांना कळते. दोन्ही जबडे एकाच क्षणी मिटले नाहीत, किंवा सोडताना एक जरा रेंगाळला, की फाट वळण सोडून परिघाकडे धावते. तिला परत वळवणे फार थोड्या हातांना जमते.

हे मी पाहिले आहे, आणि तो चिमटा मीच आखलेला होता. आतून दांडी सरकणारा, बारीक नळीचा, एका मिलिमीटरच्या बाजूच्या छेदातून आत जाणारा. वर्कशॉपमध्ये मी तो शेकडो वेळा उघडून-मिटून पाहिला होता आणि मनातून अतिशय खूश होतो. चार महिन्यांनी एका शस्त्रक्रियेच्या वेळी मी थिएटरमध्ये उभा असताना जबड्यांनी पापुद्रा पकडला, पण सोडला नाही. सर्जननी कात्री मागवून पापुद्रा मोकळा केला, पण तोवर फाट परिघापर्यंत गेली होती. लेन्स ठरल्या जागी बसली नाही. नंतर नळी उभी चिरून पाहिली, तेव्हा आत वाळलेल्या व्हिस्कोचा, म्हणजे शस्त्रक्रियेत डोळ्यात भरतात त्या चिकट जेलचा, पिवळट थर होता, कांजीसारखा कडक. ज्या सिस्टर ती धुवायच्या, त्यांनी शांतपणे एवढेच विचारले, “याच्या आत पाणी कुठून घालायचे, ते तुम्ही कधी सांगितलेच नाही.” त्यांना द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हते, कारण चित्र काढताना मी त्यांचा विचारच केला नव्हता.

आपल्या धंद्याचा इतिहासही हेच सांगतो. १९४९ साली लंडनमध्ये हॅरोल्ड रिडली यांनी पहिली कृत्रिम लेन्स बसवली तेव्हा छेद मोठा असे. १९६७ मध्ये चार्ल्स केलमन यांनी अल्ट्रासाऊंडने मोतीबिंदू फोडून खेचून काढण्याची पद्धत आणली आणि पुढे छेद तीन मिलिमीटरच्याही आत आला. छेद लहान होत गेला तसतसे हत्यार बारीक झाले, नळीत शिरले, आणि त्याच्या पोटात काय उरले हे दिसेनासे झाले. उरलेला डिटर्जंट किंवा वाळलेले व्हिस्को पुढच्या डोळ्यात उतरले, तर एक-दोन दिवसांत पारपटल धूसर होऊन डोळा सुजतो, आणि पारपटलाच्या आतल्या थरातील मेलेल्या पेशी पुन्हा उगवत नाहीत. तेव्हा धुणे हा हत्यार बनवून झाल्यानंतरचा विषय आहे, असे तुला कोणी शिकवले असेल तर ते विसर. धुण्याचे छिद्र चित्रात पहिल्या दिवशी असले पाहिजे.

त्या प्रसंगानंतर मी मुठीत सिरिंज जोडण्याची जागा ठेवली आणि नळी सुटी करून काढता येईल अशी केली. खर्च वाढला, मूठ थोडी जाड झाली, आणि ज्यांच्यासाठी मी काम करत होतो त्यांनी जुनेच चित्र पुढे चालवायचे ठरवले. मी नोकरी सोडली. घरच्यांनी हट्टी म्हटले, काही मित्र आजही म्हणतात. पण नळीतला तो थर मी डोळ्यांनी पाहिला होता, आणि तो पाहून जुन्या चित्रावर सही करणे मला शक्य नव्हते, आजही नाही.

टायटॅनियम घ्यावे की स्टील, हे तू उगाच दोन पाने लिहिलेस. टायटॅनियम हलके, गंजत नाही, चुंबकत्व घेत नाही, स्टीलची धार जास्त टिकते, पुरे. सर्जनना तिसऱ्यांदा भेटायला जाऊ नकोस. त्याऐवजी दिवसभर मोतीबिंदूच्या केसेस चालतात अशा थिएटरच्या मागच्या खोलीत सकाळपासून उभा राहा आणि दोन केसेसच्या मध्ये सिस्टरला एक चिमटा धुवायला किती मिनिटे मिळतात, ते घड्याळ लावून मोज. त्या मिनिटांत जे स्वच्छ होत नाही, ते चित्रातून काढून टाक.

स्प्रिंगच्या ताणाचा आकडाही तेव्हाच ठरव. नमुना दोनशे वेळा व्हिस्कोत बुडव, धू, ऑटोक्लेव्ह कर, म्हणजे वाफेने निर्जंतुक कर, आणि मग बकऱ्याच्या डोळ्यावर त्या दोघांच्याही हातात दे. त्यानंतर तोच चिमटा, न पुसता, माझ्याकडे पाठव. नवा पाठवू नकोस. मी पाकीट उघडणार नाही.

तुझा,
काका