कोर, कॅश, गिगाहर्ट्झ सगळं सारखं. मग एक प्रोसेसर ६५ वॉटचा आणि दुसरा ६ वॉटचा कसा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कृषी सेवा केंद्रात २०१६ साली घेतलेला आय५-६५०० चा टॉवर आहे. दुकानदार आता त्याच्या जागी इंटेल एन१०० चा तळहाताएवढा डबा घ्या म्हणतो. तुम्ही दोघांची स्पेसिफिकेशन शेजारी ठेवली. दोन्हीकडे ४ कोर, ४ थ्रेड, ६ एमबी कॅश. एकाचा वेग ३.२ ते ३.६ गिगाहर्ट्झ, दुसऱ्याचा ३.४. फक्त टीडीपी (उष्णतेचा आकडा, वॉटमध्ये) एकाचा ६५ वॉट आणि दुसऱ्याचा ६. तुम्ही विचारलंय, "यात गोम कुठे आहे?"

मी अकोल्यात छोट्या ऑफिसांचे आणि दुकानांचे कॉम्प्युटर सांभाळतो. हे दोन्ही प्रोसेसर माझ्या हाताखालून बरेच गेलेत. गोम आहे, पण तुम्हाला वाटते तिथे नाही. तुम्ही सगळे आकडे एकाच जातीचे समजून वाचताय. त्या कागदावर काही आकडे मोजदादीचे असतात (कोर, थ्रेड, कॅश), काही कमाल मर्यादेचे (गिगाहर्ट्झ, रॅम), आणि टीडीपी हा तर एका ठरावीक परिस्थितीतल्या सरासरीचा आकडा आहे. तिन्ही एकाच रांगेत छापतात, म्हणून घोळ होतो.

आधी टीडीपीच घेऊ. शेतातल्या मोटारीच्या पाटीवर ५ एचपी लिहिलेलं असलं की ती साधारण किती वीज ओढणार ते आपल्याला कळतं. टीडीपी तसा वाचायचा नाही. इंटेलच्या व्याख्येप्रमाणे सगळे कोर आपल्या मूळ वेगावर, कंपनीने ठरवलेलं जड काम करत असताना सरासरी जेवढी उष्णता बाहेर पडेल, तो टीडीपी. म्हणजे मुळात तो हीटसिंक (चिपवरची उष्णता काढून घेणारा धातूचा ठोकळा) बनवणाऱ्यासाठी लिहिलेला आकडा आहे: निदान एवढी उष्णता बाहेर काढायची सोय कर. बाराव्या पिढीपासून इंटेलने स्वतःच बऱ्याच ठिकाणी 'बेस पॉवर' हा शब्द वापरायला सुरुवात केली, तो जास्त प्रामाणिक आहे.

यातली मेख 'मूळ वेगावर' या दोन शब्दांत आहे. एन१०० च्या पाटीवर ठळक छापलेले ३.४ गिगाहर्ट्झ हा टर्बोचा, म्हणजे वरच्या टोकाचा वेग. ६ वॉट हे त्या वेगाचे नाहीत. चारही कोर ३.४ वर पळवायचे तर ६ वॉट पुरत नाहीत. एका ओळीत कमाल वेग आणि दुसऱ्या ओळीत मूळ वेगाची उष्णता, असं ते लग्न लावलेलं आहे. तुमच्या आय५ च्या पाटीवर मात्र ३.२ हा मूळ वेगच आहे आणि ६५ वॉट त्या वेगाचे आहेत. तेव्हा ६ आणि ६५ यांची थेट तुलना म्हणजे गाडीच्या चढावरच्या अॅव्हरेजची दुसऱ्या गाडीच्या उतारावरच्या अॅव्हरेजशी तुलना.

मग एन१०० प्रत्यक्षात किती घेतो? ते इंटेल ठरवत नाही, डबा बनवणारा ठरवतो. बायोसमध्ये (मदरबोर्डवरच्या मूळ सेटिंगमध्ये) दोन मर्यादा असतात, पीएल१ आणि पीएल२. पीएल१ म्हणजे सतत किती वॉट घेऊ द्यायचे, पीएल२ म्हणजे थोड्या सेकंदांसाठी किती. बरेच मिनी पीसीवाले पीएल१ ६ न ठेवता १०, १५ किंवा त्याहून वर ठेवतात आणि पीएल२ २५ च्या आसपास. म्हणून एकच एन१०० एका डब्यात चपळ आणि दुसऱ्यात मरगळलेला वाटतो. जाहिरातीत पीएल१ कोणी लिहीत नाही. माझी सोपी युक्ती अशी की अडॅप्टर उलटा करून वाचायचा. १२ व्होल्ट, ३ अँपिअर लिहिलंय म्हणजे ३६ वॉट. अख्खा डबा, रॅम, एसएसडी, यूएसबीला लावलेलं सगळं मिळून याच्या आत बसणार. हाच आकडा ६ पेक्षा खरा.

एवढं सोडूनही फरक उरतोच आणि तो खोटा नाही. एन१०० खरोखर कमी वीज खातो. याचं कारण कळलं की बाकीचा कागद आपोआप उलगडतो.

गिगाहर्ट्झ म्हणजे गडी मिनिटाला किती फावडी मारतो ते. प्रत्येक फावड्यात माती किती येते ते त्यात नसतं. ते कोरच्या घडणीवर अवलंबून. तुमचा आय५ स्कायलेक घडणीचा, २०१५ चा. एन१०० मध्ये ग्रेसमाँट नावाचे कोर आहेत, ज्यांना इंटेल इ-कोर म्हणतं. मोठ्या प्रोसेसरांमध्ये हे मोठ्या कोरच्या जोडीला मदतनीस म्हणून असतात, एन मालिकेत फक्त हेच. यांना हायपरथ्रेडिंग (एकाच कोरवर दोन थ्रेड चालवण्याची सोय) नाही, म्हणून ४ कोरांचे ४ च थ्रेड. आता योगायोग बघा. २०२१ मध्ये हे कोर जाहीर करताना इंटेलने तुलनेला घेतला तो स्कायलेकच: तेवढंच काम, ४० टक्क्यांहून कमी विजेत. कंपनीचा दावा म्हणून त्यातून थोडं वजा करा. पण माझ्या अनुभवात टॅली, एक्सेल, सरकारी पोर्टल आणि ब्राउझरमध्ये दहाएक टॅब या कामाला दोघे बरोबरीत चालतात. तेव्हा तुमच्या कागदावर सारखे दिसणारे आकडे या एका बाबतीत खरंच सारखे निघाले. दुसऱ्या कुठल्या जोडीबाबत असं धरून चालू नका.

वीज कमी होते ती कशी? चिपमधला वीजखर्च वेगाच्या पटीत वाढतो, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढतो. समजा वेग निम्मा केला आणि त्यामुळे व्होल्टेज १ वरून ०.७ वर आणता आलं. ०.७ चा वर्ग ०.४९, गुणिले अर्धा, म्हणजे जवळजवळ पाव. काम निम्मं झालं, वीज पाव लागली. शेवटचे चार-पाचशे मेगाहर्ट्झ सगळ्यात महाग पडतात, हे मोटरसायकल चाळीसवर आणि ऐंशीवर चालवणाऱ्याला सांगायला नको. त्यातून तुमचा आय५ १४ नॅनोमीटर प्रक्रियेवरचा आणि एन१०० 'इंटेल ७' वरचा. (ते ७ म्हणजे ७ नॅनोमीटर नव्हे. आधी तिला १० नॅनोमीटरचीच सुधारित प्रक्रिया म्हणायचे, २०२१ मध्ये बारसं बदललं.) आणि हो, तुमच्या टॉवरच्या मदरबोर्डवर वेगळा चिपसेट (यूएसबी, डिस्क वगैरेंची जोडणी सांभाळणारी चिप) असतो. तो एच११० असला तर त्या एकट्याचाच टीडीपी ६ वॉट आहे! एन१०० मध्ये ते कामसुद्धा त्याच ६ च्या हिशेबात येतं.

आता कात्री कुठे लावली आहे ते. हे सहसा पहिल्या पानावर नसतं.

सगळ्यात मोठी कात्री मेमरीला. आय५-६५०० ला रॅमचे दोन चॅनेल, एन१०० ला एकच. कॅश म्हणजे गल्ल्याशेजारी ठेवलेली बियाण्याची पाकिटं आणि रॅम म्हणजे मागचं गोदाम असं धरा. चॅनेल म्हणजे गोदामाचा दरवाजा. डीडीआर४-३२०० चा एक चॅनेल सेकंदाला २५.६ जीबी ओढतो. तुमच्याकडे डीडीआर४-२१३३ चे दोन चॅनेल भरलेले असतील तर ३४ जीबी. पण थांबा, टॉवर उघडून रॅमच्या पट्ट्या मोजा. दुकानांतल्या बहुतेक टॉवरांत मी एकच पट्टी पाहिली आहे. मग तुमचे १७ च होतात आणि एन१०० पुढे जातो. डबा डीडीआर५-४८०० चा मिळाला तर एकाच चॅनेलमध्ये ३८.४. थोडे पैसे जास्त गेले तरी तो घ्या. रॅमची अधिकृत मर्यादा १६ जीबी आहे, दुकानाला ८ सुद्धा चालतील, पण मी १६ च टाकतो, कारण एकच स्लॉट असतो आणि नंतर पट्टी बदलायची म्हणजे जुनी पडून राहते. रॅम बोर्डावरच डकवलेली असेल तर तोही मार्ग बंद.

पीसीआय लेन (ग्राफिक्स कार्ड, एसएसडी वगैरे जोडायचे रस्ते) नऊ, त्याही तिसऱ्या पिढीच्या. ग्राफिक्स कार्ड लावायचं नसेल तर तुम्हाला याचं काही देणंघेणं नाही. ग्राफिक्सला दोन्हीकडे २४ युनिट लिहिलंय आणि तो पुन्हा फसवा सारखेपणा आहे: पिढी वेगळी, वेग वेगळा. एन१०० ला एव्ही१ (यूट्यूब वापरतं तो नवा व्हिडिओ प्रकार) हार्डवेअरवर उलगडता येतो, तुमच्या आय५ ला येत नाही. यूट्यूबवर शेतीचे व्हिडिओ लावून ठेवत असाल तर हा फरक पंख्याच्या आवाजात ऐकू येईल.

नावांबद्दल एक गोष्ट. २०२३ पासून इंटेलने लॅपटॉपसाठी पेंटियम आणि सेलेरॉन ही नावं बंद केली, म्हणून डब्यावर नुसतं 'इंटेल प्रोसेसर' असतं. यामुळे "हा आय३ च्याही वरचा" असं बिनधास्त सांगणारे भेटतात. ऐकू नका. त्याच घराण्यात एन९५ आहे, टीडीपी १५ वॉट, ग्राफिक्स युनिट १६ च पण ती पळतात १.२ गिगाहर्ट्झवर, एन१०० ची २४ आहेत, पण ०.७५ वर. गुणाकार करा: १९ आणि १८. जाहिरातीत १६ विरुद्ध २४ दिसतं आणि प्रत्यक्षात दोघे भाऊ-भाऊ. २०२५ मध्ये आलेला एन१५० म्हणजे ३.६ गिगाहर्ट्झपर्यंत जाणारा तोच मामला. दोनशे-चारशे रुपयांचा फरक असेल तर तो घ्या, हजारांत असेल तर नको.

विजेच्या बिलाचं मात्र स्वप्न पाहू नका. माझ्या प्लगला लावायच्या मीटरवर एन१०० चा डबा दुकानाच्या कामात सरासरी १०-१२ वॉट दाखवतो, तुमच्यासारखा टॉवर ४० च्या आसपास. दिवसाला १० तास, महिन्याचे २६ दिवस धरले तर फरक होतो साधारण ७-८ युनिटचा. युनिटला १० रुपये धरा, ७०-८० रुपये. डब्याची किंमत यातून वसूल व्हायला तुमचा मुलगा गल्ल्यावर बसायला लागेल. खरा फायदा लाइट गेल्यावर. साध्या ६०० व्हीएच्या यूपीएसमध्ये १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी असते, म्हणजे कागदावर ८४ वॉट-तास. टॉवर आणि मॉनिटर मिळून त्यावर मला वीस-पंचवीस मिनिटं मिळायची. डबा आणि तोच मॉनिटर पाऊण तासाच्या पुढे जातो. खताच्या हंगामात दुकानात रांग असताना हा फरक कळतो.

एक फजितीही सांगतो, कारण तुम्ही बिनपंख्याचा डबा घेऊ का असंही विचारलंय. एका ऑफिसात मीच तसा डबा बसवला आणि धूळ नको म्हणून काचेच्या कपाटात ठेवला, खाली यूपीएस. मार्चपर्यंत गुण्यागोविंदाने चालला. मे महिन्यात रोज दुपारी दोन वाजले की मशीन बैलासारखं बसायचं आणि संध्याकाळी आपोआप उठायचं. मी व्हायरस शोधला, विंडोज नव्याने टाकलं, बिचाऱ्या टॅलीला शिव्या घातल्या. शेवटी एचडब्ल्यूइन्फो (चिपचं तापमान आणि वेग दाखवणारं सॉफ्टवेअर) लावून बघितलं तर चिप तापमानाच्या मर्यादेला टेकलेली आणि वेग १ गिगाहर्ट्झच्याही खाली. एन१०० ची मर्यादा १०५ अंश सेल्सिअस, त्यापुढे तो स्वतःला वाचवायला मंद होतो, बिघडत नाही. टीडीपी ६ वॉट असला तरी ते ६ वॉट जाणार कुठे? कपाटात हवाच नव्हती आणि बाहेर ४५ अंश. डबा भिंतीवर उघडा टांगला, प्रश्न मिटला. आपल्या विदर्भात पंखेवालाच घ्या आणि दर दिवाळीला ब्रशने धूळ काढा.

आता घ्यायचा की नाही. जुन्या टॉवरमध्ये अजून फिरती हार्डडिस्क असेल आणि तो हळू आहे एवढीच तक्रार असेल, तर दोष प्रोसेसरचा नाहीच. एसएसडी आणि रॅमची दुसरी पट्टी घाला, दोन्ही मिळून डब्यापेक्षा खूप स्वस्त. पण एक अडचण त्याने सुटणार नाही. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत सहाव्या पिढीचा आय५ नाही, एन१०० आहे. ज्या मशीनवरून बँकेचे आणि जीएसटीचे व्यवहार होतात तिथे मी जुगाड करून विंडोज ११ टाकत नाही. तुमचं सगळं तिथूनच चालतं असं तुम्ही लिहिलंय, म्हणून डबा घ्या.

दुकानदाराला मात्र "किती गिगाहर्ट्झ" विचारू नका. विचारा की रॅम डीडीआर४ की डीडीआर५, पट्टी बदलता येते का, एसएसडी सुटी आहे की ईएमएमसी (बोर्डावरची, एसएसडीपेक्षा हळू साठवण) डकवलंय, पंखा आहे का, आणि मूळ विंडोजची चावी बिलावर लिहून देणार का. शेवटच्या प्रश्नाला तो चहा मागवू लागला तर दुसरं दुकान बघा.