अमेरिकेत कॉलेजचा फुटबॉल कोच: आधी व्हिसाचं गणित

तुम्ही कोल्हापूरचे, बी.पी.एड. झालेले, हातात एएफसीचं (आशियाई फुटबॉल संघटनेचं) कोचिंगचं 'सी' लायसन्स. आणि विचारताय की अमेरिकेतल्या कॉलेजात कोचची नोकरी थेट मिळेल का. जवळजवळ नाहीच. चालणारी वाट ग्रॅज्युएट असिस्टंटची (जीए): दोन वर्षं मास्टर्स करायचं, सोबत सॉकर (तिकडे आपल्या फुटबॉलला हेच म्हणतात) टीमचं काम, बदल्यात फी पूर्ण किंवा थोडी माफ आणि जेमतेम स्टायपेंड. जाहिराती शोधताना 'सॉकर'च टाका, नाहीतर हेल्मेटवाल्या अमेरिकन फुटबॉलच्याच येतील.

मुलींच्या टीमकडेही अर्ज करा. शिक्षणात लिंगभेदाला मनाई करणाऱ्या १९७२ च्या टायटल नाइन कायद्यामुळे तिकडे मुलींच्या सॉकर टीम मुलांपेक्षा जास्त आहेत आणि पुरुष कोच सर्रास असतात. एनसीएए आणि एनएआयए या तिकडच्या कॉलेज खेळांच्या संघटना. एनसीएए डिव्हिजन टू (दुसरा स्तर) आणि एनएआयएची छोटी कॉलेजं आधी गाठा. स्टाफ कमी असल्यामुळे जीएला खरं काम मिळतं. मात्र तिथे मास्टर्स आहे ना, ते बघा.

सीझन ऑगस्ट ते डिसेंबर. जागा सुटतात त्यानंतर, म्हणून हेड कोचला ईमेल नोव्हेंबरअखेरीपासून. त्यात फुटबॉलवरचं प्रेम नको. स्वतः कापलेले दोन मॅचचे क्लिप पाठवा: प्रेसिंग कुठे तुटलं, कॉर्नरला कोण मोकळा सुटला. हडल किंवा वायस्काउट (मॅचच्या व्हिडिओ विश्लेषणाची सॉफ्टवेअर) येत असेल, गोलकीपर घडवता येत असतील, तर ते पहिल्याच ओळीत.

आपली ३ वर्षांची पदवी सगळीकडे चालत नाही. बी.पी.एड. धरून मूल्यांकन लागेल. कोणत्या संस्थेचं चालतं ते ॲडमिशनवाल्यांना विचारूनच पैसे भरा.

आता जिथे पोरं अडकतात ते. एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासच काम करता येतं. सीझनमध्ये प्रॅक्टिस, व्हिडिओ, बाहेरगावची मॅच, किटची धुलाई धरून ते कधी ओलांडले कळतही नाही, म्हणून तास रोज लिहा. त्याहून धोक्याचे उन्हाळी कॅम्प. मैदान कॉलेजचं असलं तरी कॅम्प बऱ्याचदा हेड कोचच्या खासगी कंपनीचा असतो. तिथला पगार कॅम्पसवरचा धरला जाईलच असं नाही. गावातल्या क्लबने परवानगीशिवाय रोख दिले तर ते सरळ बेकायदा. दोन्हींसाठी आधी इंटरनॅशनल ऑफिसची लेखी परवानगी घ्या.

मास्टर्सनंतर ओपीटी (शिकलेल्या विषयात काम करायची परवानगी) १२ महिने, त्यात बेकारीचे ९० दिवसच चालतात. स्पोर्ट्स मॅनेजमेंट सहसा स्टेममध्ये (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) बसत नाही, म्हणजे २४ महिन्यांची वाढ नाही. प्रवेशाआधीच कोर्सचा सीआयपी कोड (विषयाचा सरकारी क्रमांक) तपासा. हेड कोच बदलला की नवा आपली माणसं आणतो, तेव्हा हेच ९० दिवस अंगावर येतात.

पुढे एच-१बी, म्हणजे नोकरीचा व्हिसा. कॉलेजांना कंपन्यांसारखी लॉटरी नाही, वर्षभर अर्ज करता येतो. पण या कामाला विशिष्ट विषयातलीच पदवी लागते, हे कॉलेजने सरकारला पटवून द्यावं लागतं आणि कोचच्या बाबतीत इथेच आक्षेप निघतात. शिवाय सप्टेंबर २०२५ च्या आदेशाने देशाबाहेरच्या माणसाच्या नव्या अर्जावर १ लाख डॉलर शुल्क लावलं, जे छोटं कॉलेज भरणार नाही. त्यामुळे ओपीटी चालू असतानाच, अमेरिकेतूनच व्हिसाचं स्टेटस बदलून घ्यायला कॉलेजला सांगा.