बॅटरी किती उरली, ते मीटरला विचारा
वाचकांचे प्रश्न : जुनी इलेक्ट्रिक कार

प्रश्न : दोन गाड्या पाहून ठेवल्या आहेत. एक २०२१ ची नेक्सॉन ईव्ही, ३०.२ युनिटची बॅटरी, ८८ हजार किलोमीटर चाललेली. दुसरी २०२३ ची टियागो ईव्ही, २४ युनिटची, ३१ हजार चाललेली. मागणी जवळपास सारखीच आहे. एक दिवसाआड यवतमाळ, महिन्यातून एकदा-दोनदा नागपूर आणि कधीमधी वावरात, एवढा आमचा वापर. नेक्सॉनवाला म्हणतो, बॅटरी ९८ टक्के आहे. खरं-खोटं कसं करायचं?
— एक कास्तकार, ता. दारव्हा

उत्तर : ९८ कुठून आलं, हे आधी त्याला विचारा. डॅशबोर्डवरचा टक्का बॅटरी किती भरली आहे ते सांगतो, किती उरली आहे ते नाही. म्हाताऱ्या बॅटरीतही पूर्ण भरल्यावर १०० च दिसतात. त्याच्या शेजारी दिसणारे ‘इतके किलोमीटर जाईल’ हेही आधीच्या चालवणाऱ्याच्या पायावर ठरतं. आठवडाभर चाळीसच्या वेगाने गाडी फिरवली की तो आकडा आपोआप फुगतो.

८८ हजारांना मात्र बिचकू नका. एका चार्जला २०० किलोमीटर धरले, तर हे सुमारे ४४० पूर्ण चार्ज झाले. या दोन्ही गाड्यांत एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) जातीचे सेल आहेत आणि ते साधारण दोन हजारांच्या पुढे चार्ज सोसतात. आपल्याकडे बॅटरीला खातं ते ऊन. मे महिन्यात शंभर टक्के भरून दिवसभर अंगणात उभी राहिलेली कमी चाललेली गाडी रोज धावणाऱ्या गाडीपेक्षा वाईट निघू शकते, कारण भरलेला आणि तापलेला सेल नुसता बसूनही झिजतो. म्हणून विकणाऱ्याला किलोमीटरच्या आधी विचारा : गाडी सावलीत असायची की उघड्यावर?

आता मोजणी. विजेच्या दुकानातून १६ अँपिअरच्या प्लगला लावायचा युनिट-मीटर आणा, किंवा वायरमनकडून सॉकेटच्या लाइनवर साधा सबमीटर बसवून घ्या. गाडी आधी घरगुती चार्जरने १०० टक्के भरा आणि तार न काढता तास-दोन तास तशीच राहू द्या. एलएफपी सेलचं व्होल्टेज मधल्या टप्प्यात जवळजवळ हलत नाही. त्यामुळे अनेक दिवस अर्धवट चार्ज केलेल्या गाडीचा टक्क्याचा अंदाज भरकटतो. एकदा पूर्ण भरल्यावर तो ताळ्यावर येतो आणि सेलही एकमेकांशी जुळतात. हे न करता घेतलेली मोजणी फुकट.

मग एसी बंद ठेवून, साठ-सत्तरच्या वेगाने, २० टक्के उरेपर्यंत चालवा. इथे नजर काट्यावर ठेवा. टक्का एकेक करत उतरायला हवा. २५ वरून एकदम १२ वर पडला, किंवा चढावर दाबल्यावर ताकद कमी झाल्याचा दिवा लागला, तर एखादा सेल कमजोर आहे असं समजा. साखळीतली कमजोर कडी आधी रिकामी होते आणि बाकीच्यांनाही थांबवते.

परत येऊन मीटरचा आकडा टिपा, गाडी रात्रभर लावा आणि सकाळी १०० झाल्यावर पुन्हा आकडा टिपा. समजा २० ते १०० साठी मीटर २२ युनिट फिरलं. चार्जरमध्ये वाया जाणारे १२ टक्के वजा केले की बॅटरीत १९.३६ गेले. हे ८० टक्क्यांचे, म्हणजे पूर्ण बॅटरी २४.२ युनिटची. ३०.२ ला भागा, ८० टक्के आले. चांगल्या नेक्सॉनला याच कामाला भिंतीतून २६-२७ युनिट लागायला हवेत आणि टियागोला २१ च्या आसपास. कंपनी थोडी क्षमता राखून ठेवते, त्यामुळे या हिशोबात नवी गाडीही शंभराला पोचत नाही. आमच्या मते ९० च्या वर आलं तर उत्तम, ८५ पर्यंत ठीक, ८० च्या खाली आलं तर किंमत तोडा किंवा सोडून द्या.

ताळा पाहायचा तर त्याच फेरीतला ट्रिप मीटर वापरा. १३० किलोमीटर, सरासरी खर्च किलोमीटरला १४० वॉट-तास, म्हणजे १८.२ युनिट. तेवढ्यात १०० वरून २० वर, म्हणजे ८० टक्के उतरले, तर पूर्ण बॅटरी २२.७५ युनिटची, म्हणजे ७५ टक्के. दोन्ही हिशोबांत पाच-सहा टक्क्यांचा फरक चालतो. पंधराचा आला तर कुठेतरी टिपण चुकलं.

ओबीडी डोंगल (गाडीच्या तपासणीच्या सॉकेटला लावायचं छोटं यंत्र) लावून मोबाइलवर सेलचं व्होल्टेज पाहता आलं तर पाहा. मात्र ते ५०-६० टक्क्यांवर पाहू नका, तिथे आजारी सेलही निरोग्यासारखाच दिसतो. २० च्या खाली किंवा ९५ च्या वर पाहा. सगळे सेल हातात हात घालून उतरतात की एकच मागे पडतो, ते तिथे उघड होतं.

निवड म्हणाल, तर आम्ही टियागोकडे झुकू. बॅटरीची वॉरंटी दोन्हींना ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, जे आधी होईल ते. म्हणजे नेक्सॉनला २०२९ पर्यंत आणि ७२ हजार किलोमीटर उरले, टियागोला २०३१ पर्यंत आणि १ लाख २९ हजार. ती तुमच्या नावावर चालू राहील का आणि सर्व्हिसच्या नोंदी पूर्ण आहेत का, हे अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून लेखी घ्या. नेक्सॉनची जमिनीपासूनची उंची २०५ मिलिमीटर, टियागोची १६५ च्या आसपास, त्यामुळे पांदण रस्त्याला नेक्सॉन सरस, हे खरं. पण काळी माती ओली झाली की दोन्ही धुऱ्यावरच थांबणार आणि कोरड्यात वावरापर्यंत दुचाकी आहेच. दारव्हा ते नागपूर मात्र एका चार्जमध्ये दोन्हींपैकी कशालाच धरू नका. वाटेत फास्ट चार्जरवर तासभर जाईल, ते आधीच धरून निघा.

प्रश्न : नागपूरचा एक विक्रेता बाजारभावापेक्षा बरीच स्वस्त गाडी देतो आहे. कागद ‘क्लिअर’ आहेत म्हणतो. काय तपासावं?
— एक वाचक, आर्वी

उत्तर : तीन गोष्टी तपासा.

पहिली म्हणजे पाणी. २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलाव ओसंडून नागपुरात पूर आला आणि अनेक गाड्या बुडाल्या. सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढा. शेवटच्या हातभर पट्ट्यावर मातकट रेघ असेल तर गाडी पाण्यात होती. सीटच्या रुळांमध्ये गाळ आणि वायरच्या जोडांवर हिरवट गंजही पाहा. बॅटरीची पेटी आयपी६७ ची असते, म्हणजे १ मीटर पाण्यात अर्धा तास टिकेल एवढी. रात्रभर बुडाली तर ती हमी संपली. विम्याचे जुने दावे मागा. गाडी लिफ्टवर चढवून बॅटरीचा खालचा पत्राही पाहा. ओरखडा चालेल. आत दबलेला खड्डा किंवा कूलंट गळल्याचा डाग दिसला तर व्यवहार तिथेच थांबवा.

दुसरी म्हणजे टॅक्सी. खासगी इलेक्ट्रिक गाडीच्या हिरव्या पाटीवर पांढरी अक्षरं असतात, भाड्याच्या गाडीच्या पाटीवर पिवळी. पाटी बदलता येते, म्हणून आरसीवरचा वर्ग आणि त्याचा इतिहास पाहा. जुन्या ताफ्यातल्या काही गाड्यांना आताच्या सीसीएस-२ फास्ट चार्जरचं तोंडच बसत नाही. स्वस्त असण्याचं कारण कधीकधी एवढंच असतं.

तिसरी गोष्ट सर्वांत नवी. एमजीच्या विंडसर आणि कॉमेट भाड्याच्या बॅटरीवरही विकल्या गेल्या आहेत. सुरुवातीला विंडसरचा दर किलोमीटरला साडेतीन रुपये होता. अशी गाडी घेतली तर बॅटरीचं देणं तुमच्या गळ्यात पडू शकतं. गाडीवरचा कर्जाचा बोजा उतरवणारा फॉर्म ३५ आणि ना-हरकत मिळाली तरी बॅटरीच्या करारासाठी वेगळी ना-हरकत मागा. ‘आजीवन वॉरंटी’ या शब्दालाही भुलू नका, ती पहिल्या मालकापुरती असते.

प्रश्न : जुनी गाडी घेतली. हिवाळ्यात १९० जायची, नवतपात १५० वर आली. बॅटरी गेली का?
— एक शिक्षिका, ब्रह्मपुरी

उत्तर : नाही. ४५-४६ अंशांत एसी आणि बॅटरीचा थंडावा दोन्ही त्याच बॅटरीतून वीज ओढतात. सावकाश चालवलं तर प्रवास लांबतो आणि हा खर्च उलट वाढतो. मोजणी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये करा. तोवर दुपारी येऊन लगेच चार्जिंगला लावू नका, रात्री अकरानंतर लावा. गाडी आठ-दहा दिवस उभी राहणार असेल तर ५० टक्क्यांच्या आसपास ठेवा. शंभर करायचं ते निघायच्या दिवशी.

प्रश्न : चार्जिंगचा सॉकेट दोनदा वितळला. आता चार्जर ‘अर्थ फॉल्ट’ दाखवून चालूच होत नाही. विकणारा म्हणतो, गाडीत दोष नाही.
— एक वाचक, उमरखेड

उत्तर : या वेळी त्याचं बरोबर असण्याची शक्यता जास्त. पंधरा अँपिअरच्या आसपासचा प्रवाह सलग आठ-नऊ तास जातो. मिक्सर-इस्त्रीचा सॉकेट ते सोसत नाही. पिन सैल झाली की तिथेच तापते, आधी प्लास्टिक तपकिरी पडतं, मग वितळतं. मीटरपासून स्वतंत्र लाइन ओढा : ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, २० अँपिअरचा एमसीबी, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारा स्विच) आणि चांगल्या प्रतीचा औद्योगिक सॉकेट. एक्स्टेन्शन बोर्ड अजिबात नको. पहिल्या रात्री तासाभराने प्लगला हात लावून पाहा. कोमट चालेल, चटका बसला तर काढा.

अर्थ फॉल्टसाठी वायरमनला न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातलं व्होल्टेज मोजायला सांगा. ते दोन-तीन व्होल्टच्या आत हवं. उन्हाळ्यात काळी माती भेगाळते, अर्थिंगचा खड्डा सुकतो आणि त्यातली धातूची पाटी मातीला सोडून देते. खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओता आणि पुन्हा मोजा. आकडा उतरला तर रोग सापडला. नाही उतरला तर कोळसा-मीठ घालून नवा खड्डा करा. अर्थ तोडून किंवा न्यूट्रलला जोडून चार्जरला फसवणारे वायरमन गावोगावी आहेत. त्यांना पैसे देऊ नका, गाडीच्या पत्र्यात करंट उतरेल.

प्रश्न : वावरातल्या कृषिपंपाच्या कनेक्शनवर गाडी चार्ज केली तर चालेल का?
— एक वाचक, ता. समुद्रपूर

उत्तर : नाही. ते कनेक्शन पंपापुरतं आहे. दुसरा वापर वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली अनधिकृत ठरतो आणि जादा दराने आकारणी होते. शिवाय शेताच्या डीपीवर सगळे पंप एकदम सुरू झाले की व्होल्टेज इतकं खाली जातं की चार्जर पुन्हा पुन्हा बंद पडेल. घरच्या मीटरचा मंजूर भार कमी असेल तर तो वाढवून घ्या. महावितरणकडे अर्ज करताना चार्जरचे ३.३ किलोवॉट धरायला विसरू नका.