पाणी संपल्याच्या कादंबऱ्या वाचून कोणी खरंच जागं होतं का?

तुमचा प्रश्न असा की, डिस्टोपियन, म्हणजे बिघडलेल्या, भयाण भविष्याचं चित्र रंगवणाऱ्या कथा-कादंबऱ्यांमुळे पाणीटंचाई आणि पर्यावरणाची हेळसांड याबद्दल जाणीव खरंच वाढते का, की हा नुसता भीती विकायचा धंदा आहे. माझ्या मते वाढते, पण ती भीतीमुळे वाढते असं मला वाटत नाही. भेगाळलेली जमीन, वाळूची वादळं, रिकाम्या घागरी हे सगळं बातम्यांत पाहून पाहून नजर मेली आहे. कादंबरी कामाला येते ती पाण्याचा हिशेब कोणाच्या हातात आहे हे दाखवते तेव्हा.

पाओलो बाचिगालुपी यांची 'द टॅमरिस्क हंटर' ही २००६ सालची छोटी कथा घ्या. अमेरिकेच्या नैऋत्येला भयंकर दुष्काळ पडलाय आणि कोलोरॅडो नदीच्या पाण्यावर हक्क कॅलिफोर्नियाचा. नदीकाठी टॅमरिस्क नावाचं झाड माजलंय, ते ढसाढसा पाणी पितं. ते उपटायचं काम लोलो नावाचा माणूस करतो आणि बदल्यात त्याला थोडे पैसे आणि थोडं पाणी मिळतं. आता झाडं संपली की काम संपणार, आणि कामाबरोबर पाणीही. म्हणून हा पठ्ठ्या गुपचूप नवी टॅमरिस्क लावत सुटतो. पाणी वाचवायची मजुरी घेणाराच पाणी पिणारी झाडं जोपासतोय, आणि वाचताना आपण त्याच्याच बाजूने असतो. त्याच्या जागी आपणही तेच केलं असतं, हे कळतं तेव्हा राग माणसावरून व्यवस्थेकडे वळतो. हे काम लेखाला किंवा अहवालाला सहसा जमत नाही.

आणि ही काही हवेतली कल्पना नाही. कोलोरॅडोच्या पाण्याची सात राज्यांतली वाटणी १९२२ च्या करारावर उभी आहे. तेव्हा नदीत किती पाणी असतं याचा अंदाज बांधला गेला तो नेमका जास्त पावसाच्या वर्षांवरून. परिणामी कागदावर पाणी जास्त, नदीत कमी. आज बहुतेक वर्षी ही नदी समुद्रापर्यंत पोचतच नाही. कराराची कलमं वाचायला घेतली तर मला दुसऱ्या पानावर डुलकी लागेल, पण लोलोची लबाडी डोक्यातून जात नाही.

हेळसांडीबद्दल बोलायचं तर जे. जी. बॅलार्ड यांची 'द ड्रॉट' आठवते. मूळ कादंबरी १९६४ ची. वर्षानुवर्षं समुद्रात सोडलेल्या कारखान्यांच्या सांडपाण्यातून पाण्यावर एक पातळ थर तयार होतो, बाष्पीभवन थांबतं आणि पाऊसच बंद होतो. विज्ञान म्हणून ताणलेलं आहे, मान्य. पण कोणीही मुद्दाम काही वाईट केलेलं नसताना सगळं बिघडतं, हा भाग मात्र अगदी खरा. (खलनायक टाकीवर बसून पाणी अडवतोय असे सिनेमे मला म्हणूनच फारसे पटत नाहीत. तो मेला की प्रश्न सुटला, असं वाटायला लागतं.) प्रत्यक्षात मध्य आशियातल्या अरल समुद्राचं झालं ते याहून सरळ होतं. १९६० च्या दशकापासून त्याला मिळणाऱ्या दोन्ही नद्या कापसाच्या शेतीसाठी वळवल्या, आणि जगातल्या सर्वांत मोठ्या सरोवरांपैकी एक आटलं. मासेमारीच्या बोटी वाळूत रुतून राहिल्या आणि तळातली खताची, कीटकनाशकांची धूळ वाऱ्यावर उडू लागली.

आता तुमच्या 'खरंच' या शब्दाकडे येतो. याची चाचणी झाली आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अमेरिकी वाचकांना हवामानबदलावरच्या कथा वाचायला दिल्या, त्यात हीच लोलोची कथा होती. लगेच विचारलं तेव्हा मतं थोडीशी पण स्पष्टपणे बदललेली दिसली. महिन्याभराने विचारलं तेव्हा तो फरक जवळपास विरून गेला होता. म्हणजे एकटी कथा फार काळ टिकत नाही, तिला अडकवायला रोजच्या जगण्यात एखादी खुंटी लागते.

ती खुंटी कशी असते हे केपटाउनने २०१८ मध्ये दाखवलं. धरणं आटत चालली होती. प्रशासनाने 'डे झिरो' जाहीर केला, म्हणजे नळ बंद होतील तो दिवस. त्यानंतर रांगेत उभं राहून माणशी रोज २५ लिटर पाणी घ्यावं लागेल, असंही सांगितलं. ही डिस्टोपियन कथाच होती, फक्त तारखेसकट आणि मीटरसकट. तो दिवस येईपर्यंत माणशी रोज ५० लिटरची मर्यादा होती. लोक अंघोळीचं पाणी बादलीत धरून शौचालयात ओतू लागले, शहराचा वापर काही वर्षांपूर्वीच्या निम्म्यावर आला, आणि तारीख पुढे पुढे ढकलत शेवटी टळली. पुढे पाऊसही झाला, त्यामुळे सगळं श्रेय भीतीला देता येणार नाही.

पण याच केपटाउनच्या झोपडवस्त्यांत सामायिक नळावर रांग लावून पाणी भरणं हे तेव्हाही रोजचंच होतं. ज्या दिवसाच्या नुसत्या कल्पनेने बाकीचं शहर हादरलं, तो त्यांच्याकडे केव्हाच येऊन बसला होता. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये सुमारे २२० कोटी लोकांना सुरक्षित व्यवस्थेतून आलेलं पिण्याचं पाणी मिळत नव्हतं. या प्रकारच्या साहित्याबद्दल माझी मोठी तक्रार हीच आहे. त्याचा नायक बहुतेकदा नळ गमावलेला माणूस असतो. ज्याच्या घरी नळ कधी नव्हताच, तो पार्श्वभूमीला गर्दी म्हणून, नाहीतर धोका म्हणून येतो. अशाने पाण्याची काळजी वाढेलही, पण तहानलेल्या माणसाचं भय वाटायला लागतं.

वाचायला सुरुवात करणार असाल तर म्हणूनच ऑक्टेव्हिया बटलर यांची १९९३ ची 'पॅरबल ऑफ द सोअर' घ्या. कथा सुरू होते २०२४ मध्ये. पाणी पेट्रोलपेक्षा महाग झालंय, आणि स्वच्छ दिसणं धोक्याचं आहे, कारण स्वच्छ दिसणाऱ्याकडे पाणी असणार हे लुटणारे ओळखतात. लॉरेन ही मुलगी भिंतीने वेढलेल्या वस्तीत वाढते, बाहेरच्यांना घाबरतच. मग ती भिंत पडते आणि तिला त्याच बाहेरच्यांबरोबर रस्त्याने चालावं लागतं. पुस्तकाचा जवळपास अर्धा भाग हा रस्ताच आहे.